एका हबची तीन मॉडेलं

पावसाळ्याच्या तोंडाला आमची ८४ कास्टिंग, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतलेले पार्ट, स्क्रॅपला गेली. आणि त्यातलं एकही कास्टिंग खराब नव्हतं. ब्लोहोल नाही, सँड इन्क्लूजन नाही, कोअर सरकलेला नाही, एसजी आयर्नचा (कास्टिंगच्या लोखंडाची जात) रिपोर्ट पण व्यवस्थित. मशीनिंग पण बरोबर होतं, आमच्या क्यूसीच्या, म्हणजे तपासणीच्या, पोरानं प्रत्येक मापावर टिक केलेली, आणि ती टिक खरी होती, खोटी नव्हती. तरी ८४ पीस परत भट्टीत. हे का झालं ते नीट लिहून काढायचं कधीपासून डोक्यात होतं, आज रविवार आहे, बाहेर झिमझिम चालू आहे, बसलोय लिहायला.

मी उद्यमबागमधे एका मशीन शॉपमधे काम करतो, प्रोग्रॅमिंग पण माझ्याकडं आणि क्वालिटीचे कागद पण माझ्याकडं. बेळगावात नसलेल्यांसाठी सांगतो, तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुढं खानापूर रोडला लागून आमची ही वसाहत, फाउंड्र्या, मशीन शॉप, हायड्रॉलिकवाले, हीट ट्रीटमेंटवाले असे सगळे एकमेकांना चिकटून, आणि तसंच पुढं मच्छेला, तिकडं होनग्याला, काकतीला. एक पार्ट बनायचा तर तो चार दारं फिरतो. आमचा हा जो पार्ट होता, शेती अवजाराचा हब, त्याचं पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा नमुना) अनगोळच्या बाजूला, कास्टिंग मच्छेला, मशीनिंग आमच्याकडं, आणि गाडी पुण्याच्या कस्टमरकडं. मधलं अंतर टेम्पोनं अर्ध्या तासाचं सुद्धा नाही. पण माहिती तेवढं अंतर पार करू शकली नाही.

झालं असं. हबच्या फ्लँजवर, म्हणजे रुंद कडेवर, चार बॉस म्हणजे गोल उंचवटे आहेत, २६ मिमी व्यासाचे, प्रत्येकात ११ चं भोक एम१० बोल्टसाठी आणि वरून २२ चा स्पॉटफेस म्हणजे बोल्टचं डोकं आणि वॉशर सपाट बसायला जागा. रेव्ह सी च्या, म्हणजे रेव्हिजन सी च्या, ड्रॉइंगमधे या भोकांचा पीसीडी, म्हणजे चारही भोकांचे मध्य ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास, १४० होता. कस्टमरकडं रिमला काहीतरी अडकत होतं म्हणून त्यांनी पीसीडी १४६ केला आणि रेव्ह डी काढली. ती पीडीएफ त्यांच्या पर्चेसवाल्यांनी आमच्या मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली, मालकांनी मला फॉरवर्ड केली, मी त्याच रात्री प्रोग्रॅम बदलला आणि सकाळी सेटरला सांगून टाकलं. चुकलं काय? पॅटर्न रेव्ह सी चंच राहिलं. बॉस १४० वर आणि भोक १४६ वर. म्हणजे भोक बॉसच्या मधून ३ मिमी बाहेर सरकलं, स्पॉटफेसची कड मधापासून ११ अधिक ३, १४ वर आली आणि बॉस संपतो १३ वर. १ मिमी हवेत. असेंब्लीत वॉशरला पूर्ण टेक मिळेना, मग फोन आला.

फाउंड्रीवाले म्हणाले आमच्याकडच्या ड्रॉइंगप्रमाणं बरोबर आहे. खरं होतं. आम्ही म्हणालो आमच्याकडच्या ड्रॉइंगप्रमाणं बरोबर आहे, ते पण खरं होतं. क्यूसीच्या पोरानं पीसीडी मोजला, १४६ आला, टिक केली. बॉसच्या मधापासून भोक किती सरकलंय हे मोजायचं असं ड्रॉइंगवर कुठं लिहिलेलंच नसतं, कारण ड्रॉइंग काढणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं की दोन्ही एकाच मधावर असणार. पॅटर्नवाले काका आले, एक कास्टिंग हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि मला एवढंच म्हणाले, "भोक सरकवलंस ते बरं केलंस की रे, पण मला एक फोन करायला काय झालं होतं?" त्या दिवशी दुपारचा डबा तसाच घरी नेला मी.

नंतर शांत डोक्यानं मी मोजायला बसलो की या एका हबची मापं किती जणांनी हातानं परत टाईप केली. कस्टमरकडं त्यांच्या सॉफ्टवेअरमधे मूळ थ्रीडी मॉडेल आहेच, त्याच्याशिवाय ते ड्रॉइंग निघणारच नाही. पण आम्हाला देतात फक्त पीडीएफ. मग फाउंड्रीतल्या मुलानं रायझर (आकसताना जादा लोखंड पुरवणारी जागा) कुठं ठेवायचा ते बघायला पीडीएफवरून मॉडेल परत बनवलं. काकांच्या मुलानं पॅटर्न व्हीएमसी मशीनवर काढायला पीडीएफवरून मॉडेल बनवलं. मी कॅमसाठी, म्हणजे मशीनचा प्रोग्रॅम काढणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, पीडीएफवरून मॉडेल बनवलं. एका हबची तीन मॉडेलं, तीन कॉम्प्युटरवर, सहासात किलोमीटरच्या आत, आणि मूळ चौथं पुण्यात. प्रत्येक वेळी साठसत्तर मापं बघून बघून टाकायची. कुणीतरी एक दिवस ६८ चं ८६ टाकणारच. आणि ज्या दिवशी मूळ बदलतं त्या दिवशी बाकीची तीन आपोआप खोटी होतात आणि कुणाला कळत पण नाही.

हे फक्त छोट्या गावातल्या छोट्या शॉपचं दुखणं आहे असं कुणाला वाटत असेल तर एअरबसच्या ए३८० विमानाचं आठवा. त्या एका विमानात साधारण ५३० किलोमीटर वायरिंग आहे. जर्मनी आणि स्पेनची टीम कॅटिया या डिझाईन सॉफ्टवेअरच्या व्ही४ वर काम करत होती, फ्रान्स आणि इंग्लंडची व्ही५ वर. नाव एकच, पण दोघांतला डेटा जसाच्या तसा इकडून तिकडं जात नव्हता, वायर वळवायला लागणारी जागा पण दोन्हीकडं सारखी धरली गेली नाही. हॅम्बुर्गहून आलेल्या वायरी टुलूझला विमानात बसवायला गेले तर पोचेनात. २००६ मधे त्यांना जाहीर करावं लागलं की विमान उशिरा येणार, आणि एकूण उशीर जवळपास दोन वर्षांवर गेला, पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ते ऑक्टोबर २००७ मधे. आणि गंमत बघा, त्याच्या कितीतरी आधी, १९९४ मधे उडालेलं बोइंग ७७७ अख्खं कॉम्प्युटरवर थ्रीडीत डिझाईन झालेलं होतं. म्हणजे तंत्र नव्हतं असं नाही. सगळे एकाच मॉडेलवर आहेत की नाही याच्यावर सगळं अडलं.

आपल्या हत्तरगीला, हायवेला लागून, एरोस्पेसचं एसईझेड आहे, तिथं एअरबस आणि बोइंगचे पार्ट बनतात. तिथं असं पीडीएफ फॉरवर्ड करून चालत नाही, प्रत्येक मापाला बलून नंबर म्हणजे ड्रॉइंगवर गोलात लिहिलेला क्रमांक, प्रत्येक रेव्हिजनचा हिशोब, पहिला पीस मोजून त्याची फाईल. बेळगावच्या हद्दीत हे होतंय म्हणजे ते उद्यमबागेत होऊ शकत नाही असं मला कुणी सांगू नये.

आता बरेच जण म्हणतात, मग कस्टमरकडून स्टेप फाईल मागून घ्यायची, झालं की काम. स्टेप म्हणजे कुठल्याही कॅडमधून काढून कुठल्याही कॅडमधे उघडता येणारी फाईल, आयएसओ १०३०३ म्हणून १९९४ मधे आलेलं स्टँडर्ड. मागाच, पण त्यात एक खड्डा आहे, तो मी स्वतः पाहिलाय म्हणून सांगतो.

या हबमधे ६२०६ बेअरिंग बसतं, बाहेरचा व्यास ६२. हब फिरतो, म्हणजे बेअरिंगची बाहेरची रिंग त्याच्याबरोबर फिरते, म्हणून बोअर घट्ट पाहिजे, ड्रॉइंगवर ६२ एन७ लिहिलंय. एन७ म्हणजे या साईजला उणे ९ ते उणे ३९ मायक्रॉन, म्हणजे बोअर ६१.९६१ ते ६१.९९१ च्या मधे यायला पाहिजे. पण मॉडेलमधे काय काढलेलं असतं? ६२.०००. कॅमनं मॉडेल वाचलं आणि ६२.००० कापलं तर पीस रिजेक्ट, बेअरिंग सैल. ज्याला माहीत आहे तो मधलं ६१.९७६ धरतो. ज्याला माहीत नाही, नवीन पोरगा आहे, त्याला मॉडेलवर विश्वास ठेवायला आपणच शिकवलेलं असतं. साध्या स्टेपमधे आकार येतो, टोलरन्स (माप किती इकडंतिकडं चालेल ते) येत नाही. तो पीडीएफमधे राहतो, आणि मग परत दोन कागद, दोन सत्य.

यावर उपाय निघालेला आहे. टोलरन्स, फिनिश, डेटम (जिथून मापं धरायची ती तोंडं) हे सगळं मॉडेललाच चिकटवायचं, पीएमआय म्हणतात त्याला. अमेरिकेत त्याचं स्टँडर्ड २००३ मधेच आलं, आणि स्टेपचं एपी २४२ म्हणून रूप २०१४ मधे आलं त्यात हा पीएमआय दुसऱ्या सॉफ्टवेअरला समजेल असा जातो, म्हणजे नुसतं चित्र म्हणून दिसत नाही, सीएमएमच्या, म्हणजे मोजमापाच्या मशीनच्या, सॉफ्टवेअरला कळतं की या बोअरला एन७ आहे आणि त्याप्रमाणं तपासायचं. फाईल मागताना "स्टेप द्या" एवढं म्हणू नका, "पीएमआयसकट एपी २४२ द्या" म्हणा. दहातले आठ जण देणार नाहीत, पण मागायला काय जातंय.

थर्ड अँगलचं पण आहेच. ड्रॉइंगवर पार्टच्या वेगवेगळ्या बाजू मांडायच्या दोन पद्धती आहेत, फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल. आपण कॉलेजात फर्स्ट अँगल शिकतो, एक्स्पोर्टचं अमेरिकन ड्रॉइंग येतं थर्ड अँगलमधे, कोपऱ्यातलं छोटं चिन्ह बघितलं नाही की डावं उजवं होतं आणि आरशातला पार्ट तयार. मॉडेल फिरवून बघितलं तर ही चूक होऊच शकत नाही. आमच्या शॉपमधे सेटर अण्णा कन्नड बोलणारे, दोन ऑपरेटर मराठी, फेटलिंगला आलेली पोरं ओडिशाची, ड्रॉइंगवरच्या नोट्स इंग्लिशमधे. एका नोटचा अर्थ तीन भाषांतून फिरत फिरत मशीनपाशी पोचतो. टॅबवर मॉडेल उघडून बोट लावून "हे तोंड" म्हटलं की कुणाला काही विचारावं लागत नाही. आपल्या भागात भाषेवरून किती ताण असतो ते मी काय सांगायचं, पण मशीनसमोर चार डोकी एका स्क्रीनवर वाकलेली असतात तेव्हा अण्णा कन्नडमधे सांगतात, मी मराठीत विचारतो, आणि काम होतं.

पण मला जे खरं सांगायचंय ते आता येतंय. सगळे बोलतात ते डेटा वरून खाली येण्याबद्दल, डिझायनरकडून मशीनपर्यंत. खालून वर काय जातं त्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही.

काकांचंच बघा. चाळीस वर्षं पॅटर्न बनवतात, आधी सागवानात, आता अ‍ॅल्युमिनिअम आणि रेझिनमधे. त्यांच्याकडं एक जुनी पट्टी आहे, मुद्दाम मोठी आखलेली, लोखंड थंड होताना आकसतं म्हणून, १ टक्केवाली, म्हणजे पट्टीवरचे ३०० प्रत्यक्षात ३०३ मिमी असतात. पण ती पट्टी ते सगळीकडं लावत नाहीत. या फाउंड्रीच्या एसजीला एवढं श्रिंकेज येत नाही हे त्यांना अनुभवानं माहीत आहे, त्यांच्या एका लाल वहीत लिहिलेलं आहे, कुठल्या फाउंड्रीला, कुठल्या जाडीला किती धरायचं. ड्रॉइंगमधे फ्लँजच्या मुळाशी २ चा फिलेट (कोपऱ्यातली गोलाई) होता, काकांनी ४ चा केला कारण २ ला मोल्ड काढताना वाळू तुटते. हबच्या ४० मिमी उंच भिंतीला त्यांनी दीड डिग्री ड्राफ्ट म्हणजे उतार दिला, तो दिल्याशिवाय पॅटर्न वाळूतून निघणारच नाही, आणि ४० ला दीड डिग्री म्हणजे एका बाजूला १ मिमीच्या वर जाड झालं. हे सगळं बरोबर केलं त्यांनी. पण कुठल्या मॉडेलमधे गेलं? कुठंच नाही.

आणि मी फिक्श्चर (मशीनवर पार्ट पक्का धरायची चौकट) बनवलं ते मॉडेलवरून, सरळ भिंत आणि २ चा फिलेट धरून. पहिलं कास्टिंग ठेवलं तर ते डुगडुगतंय. पॅडची कड फिलेटवर चढत होती आणि भिंत तिरकी असल्यामुळं तीन पॉइंटातले दोनच टेकत होते. दोन दिवस पॅड घासत बसलो. काकांच्या डोक्यातली ती दोन मापं मला आधी मिळाली असती तर हे दोन दिवस गेलेच नसते, आणि ते द्यायला तयार होते, त्यांना कुणी विचारलंच नाही, कारण त्यांना "पॅटर्नवाले" म्हणून आपण साखळीच्या टोकाला बसवलंय, ड्रॉइंग घ्या आणि पॅटर्न द्या. मला याचा मनापासून राग येतो. आमच्या या सगळ्या वसाहतीत अशा किती लाल वह्या असतील, आणि ती माणसं साठीच्या पुढं गेलीत.

८४ पीस गेल्यावर मालक, फाउंड्रीवाले, काका आणि त्यांचा मुलगा असे सगळे बसलो, चहा झाला, थोडा आवाज पण चढला, मग ठरलं. मोठं पीएलएम सॉफ्टवेअर (सगळी मॉडेलं आणि रेव्हिजन सांभाळणारं) घ्यायची ऐपत कुणाची नाही आणि गरज पण नाही. एक शेअर्ड फोल्डर केला. त्यात या हबचं फिनिश मॉडेल एकच, आणि कास्टिंगचं मॉडेल त्याच्यापासूनच काढलेलं, म्हणजे फिनिशवर मशीनिंग अलाउन्स (कापायला ठेवलेली जादा जाडी), ड्राफ्ट, फिलेट चढवून. दोन्ही लिंक केलेली. आता पीसीडी फिनिशमधे बदलला की कास्टिंगमधला बॉस आपोआप सरकतो. सरकल्यावर काकांच्या मुलाला मेसेज जातो की पॅटर्न जुनं झालं. मॉडेलमधे लिहायचा अधिकार दोघांनाच, मला आणि त्याला, बाकी सगळ्यांना बघायचा. फाईलच्या नावात पार्ट नंबर आणि रेव्हिजन, जुनी रेव्हिजन लगेच "जुनं" नावाच्या फोल्डरमधे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफवरून कुणीही काहीही कापायचं नाही, मालकांनी सांगितलं तरी. हे शेवटचं मालकांनीच लिहायला लावलं. जॉब कार्डावर क्यूआर कोड चिकटवतो, मशीनपाशी एक जुना टॅब आहे, स्कॅन केला की चालू रेव्हिजनच उघडते. खर्च म्हणाल तर टॅब होताच, बघायला व्ह्यूअर फुकट मिळतो, आणि ज्यांच्याकडं कॅडचं लायसन नाही त्यांच्यासाठी फ्रीकॅड आहे, त्याची १.० आवृत्ती २०२४ मधे आली, साध्या पार्टला भरपूर झालं.

लाल वही पण आत आणली. काकांचा मुलगा आणि मी तीन रविवार बसलो, काका बोलायचे, मधेच थांबून "हे कुणाच्या भट्टीचं आहे ते पण लिही" म्हणायचे. कास्टिंग मॉडेलमधे प्रत्येक बदलापाशी आता कारण लिहिलेलं आहे. फिलेट ४, वाळू तुटते म्हणून.

मोजलेली मापं पण परत जायला लागली. पूर्वी क्यूसीचा रिपोर्ट फाईलला लावला की संपलं. आता बोअरचं माप त्याच बलून नंबरखाली शीटमधे जातं. महिन्याभरात दिसलं की पहिल्या शिफ्टमधे बोअर ६१.९७ च्या आसपास नीट बसतोय आणि दुसऱ्या शिफ्टमधे हळूहळू लहान होत ६१.९६१ च्या काठावर जातोय, कारण इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजल्यावर पहिल्या शिफ्टचा दादा तीसेक पीसला ऑफसेट देत होता, म्हणजे झीज भरून काढायला टूल सरकवत होता, आणि दुसऱ्या शिफ्टचा पन्नासपर्यंत ओढत होता. कुणाची चूक म्हणून नाही, त्याला कुणी आकडा दाखवलाच नव्हता. दाखवला, दुसऱ्या दिवसापासून त्यानं स्वतःच बदललं.

आणि सगळ्यात जास्त आनंद मला ज्याचा झाला ते सांगतो. हबच्या मागच्या तोंडाला फ्लॅटनेस (सपाटपणा) ०.०३ मिमी मागितला होता. त्यासाठी आम्ही एक जादा फिनिश कट मारत होतो, प्रत्येक पीसला वेळ जायचा. मी दोनशे पीसांचे आकडे कस्टमरच्या डिझाईनवाल्या सरांना पाठवले आणि विचारलं की सर, या तोंडावर रबर सील बसतो, तर एवढा फ्लॅटनेस कशाला. दोन दिवसांनी फोन आला, म्हणाले ते माप जुन्या एका पार्टवरून तसंच उतरलंय, तुम्ही विचारल्यावर बघितलं, ०.०८ चालेल. रेव्ह ई आली. उद्यमबागेतल्या मशीनवर मोजलेला आकडा पुण्यातल्या ड्रॉइंगमधे गेला. माझ्या अकरा वर्षांत हे पहिल्यांदा झालं.

मूळ मॉडेल मात्र ते अजून देत नाहीत. त्यांची भीती मला कळते, मॉडेल बाहेर गेलं की कुणीतरी तोच पार्ट दुसऱ्याला बनवून देईल. पण ड्रॉइंग दिलंच आहे ना, त्यावरून आम्ही मॉडेल बनवतोच ना, फक्त आमच्या चुका घालून बनवतो. करार करा, सही घ्या, कुणी फाईल उघडली त्याची नोंद ठेवा, पण मॉडेल द्या. मी दर मीटिंगला हेच बोलतो, आता सर हसून "बघूया" म्हणतात, पूर्वी विषयच बदलायचे.

काल संध्याकाळी काकांचा फोन आला. नवीन पंप बॉडीचं काम येतंय म्हणे, दुसऱ्याच कस्टमरचं, आणि पीडीएफ त्यांच्याकडं आधी पोचलीय. म्हणाले, "मी अजून लाकडाला हात लावला नाही. तू आणि पोरगं आधी मॉडेल करून फोल्डरला टाका, मग मी फिलेट सांगतो." उद्या सकाळी साडेआठला जायचंय अनगोळला.